डाव्या कोपऱ्यातील बोर

माझ्या नोंदवहीत चौदा रकाने आहेत. पूर्वी तेरा होते. दिनांक, वार, वेळ, ठिकाण, दिशा, कॅमेऱ्याची जमिनीपासूनची उंची, भिंग, आकाश, वारा, उजेड, जाण्याचा मार्ग, काढलेल्या छायाचित्रांची संख्या आणि शेवटी ‘शेरा’. आयुष्याची उमेदीची वर्षे शाळेत भूगोल शिकवण्यात घालवलेला माणूस निसर्गचित्रांच्या व्यवसायात पडला, तर तो असाच वागणार, असे माझी पत्नी म्हणते. ती हे कौतुकाने म्हणते की कसे, याची नोंद मी ठेवलेली नाही. चौदावा रकाना कसा वाढला, एवढेच मला आज सांगायचे आहे. परंतु त्यासाठी आधी या व्यवसायाची थोडी ओळख करून द्यावी लागेल.

निसर्गाचे छायाचित्र काढणे हे जगातले सर्वांत सोपे काम आहे, असा समज सर्वत्र आढळतो. लग्नातली माणसे हलतात, मुले रडतात, नवरदेव डोळे मिटतो. डोंगर मात्र जागचा हलत नाही. हे अर्धसत्य आहे. डोंगर हलत नाही, पण त्याच्यावरचा उजेड दर मिनिटाला हलतो. सकाळी तिरपा प्रकाश पडतो तेव्हा प्रत्येक घळीत सावली साचते आणि सातपुडा घड्या घातलेल्या घोंगडीसारखा दिसतो. दहा वाजता सूर्य वर येतो, सावल्या पुसल्या जातात आणि तोच सातपुडा इस्त्री केल्यासारखा सपाट होतो. म्हणून आमचा दिवस पहाटे सुरू होतो आणि बहुधा सकाळी नऊला संपतो. उरलेला वेळ लोकांना वाटते, हा माणूस काहीच करीत नाही. त्यात फारसे खोटे नाही.

आमचे ग्राहक तीन जागी भेटतात: दवाखाने, कार्यालये आणि दिनदर्शिका छापणारे व्यापारी. जळगावच्या एका डॉक्टरांनी प्रतीक्षागृहासाठी ‘मे महिन्यात बघून थंड वाटेल’ असे चित्र मागितले. मी तोरणमाळच्या तळ्यावरचे धुके दिले. महिन्याभराने त्यांचा फोन आला, “सर, धुकं चांगलंच लागू पडलं. त्याच्याखाली बसलेल्या एक आजी पंखा बंद करायला सांगतात. बाकीचे पेशंट घामानं निथळतायत.” शेवटी ते चित्र त्यांनी आपल्या तपासणीच्या खोलीत हलवले.

दुसरा प्रसंग दीपनगरचा. तापीकाठच्या सूर्यास्ताचे माझे एक चित्र आहे. त्यात क्षितिजावर वीजकेंद्राच्या चिमण्या दिसतात. भुसावळच्या एका हॉटेलमालकांनी ते पसंत केले आणि म्हणाले, “चिमण्या तेवढ्या पुसून द्या. आता कॉम्प्युटरवर सगळं होतं.” मी नकार दिला. त्याच आठवड्यात वीजकेंद्रातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आले, चित्राजवळ नाक नेऊन उभे राहिले आणि म्हणाले, “ही डावीकडची दिसते ना, हिच्या पायथ्याशी माझी अख्खी नोकरी झाली. सूर्य पुसला तरी चालेल, हिला धक्का लावू नका.” चित्र त्यांना गेले, हे सांगायला नकोच.

या नकारामागे माझे एक तत्त्व होते आणि मी ते ऐकेल त्याला समजावून सांगत असे. छायाचित्र काढून झाल्यावर त्यातले काहीही पुसायचे नाही, ती लबाडी. मात्र काढण्यापूर्वी जागा आवरून घेतली तर चालते. तास सुरू होण्यापूर्वी फळा पुसतात, तसे. कागदाचा बोळा उचलावा, कॅमेऱ्यापुढे आलेले गवताचे पाते दुमडावे, एखादी वाळकी काटकी बाजूला करावी. यासाठी माझ्या पिशवीत एक छोटा कोयताही असे. या तत्त्वाविषयी मला अभिमान होता. वाचकांनी ते कृपया ध्यानात ठेवावे, कारण पुढे ते माझ्याच अंगावर येणार आहे.

चोपड्यातील बियाणे आणि खतांचे एक व्यापारी, ज्यांना सगळे वसंतभाऊ म्हणतात, दरवर्षी दिनदर्शिका काढून गिऱ्हाइकांना वाटतात. एका वर्षी मी त्यांच्यापुढे कल्पना मांडली: बारा ठिकाणांची बारा चित्रे नकोत, एकाच ठिकाणची बारा महिन्यांतली बारा चित्रे घेऊ.

वसंतभाऊंनी पेन खाली ठेवले. “सर, म्हणजे लोक पान उलटणार आणि परत तेच बघणार?”

“तेच, पण निराळे.”

“गिऱ्हाईक म्हणेल, वसंतभाऊनं छपाईत पैसे वाचवले.”

मी त्यांना वीस मिनिटे ऋतुचक्र समजावून सांगितले. मला वाटते, ते कल्पनेला नव्हे, माझ्या विसाव्या मिनिटाला शरण आले.

जागा मी आधीच हेरलेली होती. चोपड्याच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी एक गाव आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही. गावाबाहेर दोन कोरडवाहू शेतांच्या मध्ये एक बांध आहे आणि बांधाला लागून एक जुने अंजनाचे झाड. अंजन हे आमच्या खानदेशातले सोशिक झाड. त्याची पाने जोडीजोडीने येतात, गुरे ती आवडीने खातात, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर कोवळी पालवी फुटते तेव्हा सगळे झाड तांब्याच्या भांड्यासारखे लालसर चमकते. मागे डोंगराची रांग, पुढे शेत, मध्ये अंजन. भूगोलाच्या पुस्तकाचे मुखपृष्ठ व्हावे अशी जागा.

बारा महिने एकच दृश्य टिपायचे, तर कॅमेरा दर वेळी तंतोतंत त्याच जागी यावा लागतो. हातभर सरकला तरी अंजन आणि डोंगर यांचे नाते बदलते. म्हणून ट्रायपॉडच्या, म्हणजे कॅमेऱ्याच्या तीन पायांच्या घोडीच्या, प्रत्येक पायाखाली एक दगड असे तीन सपाट दगड मी बांधावर जमिनीसरसे बसवायचे ठरवले. शिवाय आधीच्या सर्व महिन्यांच्या छोट्या प्रती पिशवीत बाळगायच्या आणि नवे दृश्य त्यांच्याशी ताडून बघायचे.

डिसेंबरच्या पंधरा तारखेला सकाळी मी पोहोचलो, तेव्हा पश्चिमेकडच्या शेतात एक पांढरी टोपी दिसली. ते धुडकूनाना. मी रीतसर परवानगी मागितली.

“काढा ना सर फोटो,” नाना म्हणाले. “डोंगर काय मन्हा बापना शे का?”

“बांधावर तीन दगड बसवू का?”

“बसाडा. आठे दगडस्नी काय कमी शे?”

मी वहीत ‘परवानगी घेतली’ असे लिहिले आणि निर्धास्त झालो. बांधाला दोन बाजू असतात, ही गोष्ट भूगोलाच्या शिक्षकाला सुचायला हवी होती. पूर्वेकडच्या शेतात त्या वेळी कोणी नव्हते. पुढेही माझ्या वेळेला तिथे कोणी नसे. फक्त एप्रिलमध्ये दूर एक लाल लुगड्याचा ठिपका दिसला आणि मला फार आनंद झाला. विस्तीर्ण दृश्यात माणसाचा एक ठिपका असावा, म्हणजे डोंगराची उंची डोळ्याला कळते. तो ठिपका कोणाचा, हे मी विचारले नाही. ठिपक्यांना कोणी नाव विचारीत नाही.

महिने ठरल्याप्रमाणे चालले. जानेवारीत हवा इतकी स्वच्छ होती की डोंगरावरच्या पायवाटा मोजता आल्या. मार्चमध्ये अंजन तांब्याचा झाला. मे महिन्यात कॅमेरा तापू नये म्हणून मी त्याच्यावर ओला पंचा घातला आणि माझे डोके मात्र उघडे राहिले. त्या दिवशीचा शेरा वाचता येत नाही. ऑगस्टमध्ये डोंगर दिसलाच नाही, सलग चार दिवस. पाचव्या सकाळी ढग उचलला गेला तेव्हा मी घाईघाईत दोनदा घसरलो, पण चित्र असे मिळाले की वसंतभाऊ प्रथमच छपाईचा खर्च विसरले.

फेब्रुवारीचे मात्र सविस्तर सांगतो. चौकटीच्या डाव्या कोपऱ्यात, बांधाच्या अलीकडच्या टोकाला, कंबरेएवढी एक रानबोर होती. डिसेंबरात तिला बोरे होती, शोभून दिसली. जानेवारीतही चालून गेली. फेब्रुवारीत ती धुळीने माखली, काट्यांत कुठलीशी प्लॅस्टिकची पिशवी अडकून फडफडू लागली, आणि माझ्या शिस्तप्रिय डोळ्याला ती फळ्यावर राहिलेल्या पुसट ओरखड्यासारखी खुपली. मी कोयता काढला. पाच मिनिटांत कोपरा स्वच्छ झाला. एकच जागा वर्षभर दाखवायची आणि त्या जागेतले एक झुडूप आपणच काढून टाकायचे, यातली विसंगती मला त्या सकाळी अजिबात जाणवली नाही. बोर पावसाळ्यात दोनदा पुन्हा फुटली. मीही दोनदा पुन्हा ती साफ केली. सप्टेंबरात गवत एवढे माजले की माझे दगड शोधण्यात अर्धा तास गेला. तेव्हा मी दगडांना ठळक चुना फासला आणि स्वतःच्या दूरदृष्टीवर खूश होऊन घरी आलो.

ऑक्टोबरच्या पंधरा तारखेला पावणेसातला मी बांधावर गेलो, तर दगड नव्हते. तीन खड्डे होते, ताज्या मातीचे. अंजनाखालून धूर येत होता. तिथे लाल लुगड्यातल्या एक बाई चुलीवर चहाचे पातेले ठेवून बसल्या होत्या. चूल तीन दगडांची होती. दगडांच्या बाहेरच्या बाजूला अजून चुना होता. आतली बाजू काळी झाली होती.

माझा एप्रिलमधला ठिपका माझ्या ट्रायपॉडवर चहा करीत होता.

“अक्का,” मी म्हणालो, “हे दगड...”

“मन्हा शेतस.”

“तुमचे कसे? ते मी बसवले होते.”

बाईंनी मान वर केली. त्यांचे नाव सुपडूअक्का, हे मला नंतर कळले. “तुमी? मंग मोजनीवाला तुमीच का? नानानी धाडं तुमले?”

“नाही, नाही. मी फोटो काढतो.”

“फोटोले दगड कसाले लागतस?”

कोणी प्रश्न विचारला की मला राहवत नाही. मी त्यांना तीन पाय, तीन दगड, एक जागा, बारा महिने, सारे क्रमवार समजावून सांगितले. अक्कांनी शांतपणे ऐकून घेतले.

“मंजे तुमी दर महिनाले येतस, त्याच जागावर उभा ऱ्हातस नि तोच डोंगर देखतस?”

“हो.”

“नि बाकीना महिनाभर काय करतस?”

मी ट्रायपॉड खाली ठेवला. अक्कांनी मग त्यांची बाजू सांगितली, आणि ती ऐकता ऐकता माझी सकाळ बदलत गेली.

ही दोन शेते मूळची एकच. अक्कांच्या सासऱ्यांनी दोन मुलांत वाटणी केली, तेव्हा हद्दीची खूण म्हणून बांधाच्या एका टोकाची बोर राखली. दुसऱ्या टोकाला एक मोठा धोंडा. बोरीपासून धोंड्यापर्यंत सरळ रेघ. रेघेच्या पश्चिमेचे धुडकूनानांचे, पूर्वेचे अक्कांच्या नवऱ्याचे. अंजन रेघेच्या आत, अक्कांच्या बाजूला, जेमतेम दोन पावले. नवरा गेल्यावर अक्काच शेत कसतात. आणि या माघात ती बोर कोणीतरी तोडली.

“कोनी तोडी असं वाटतं?” मी विचारले. माझी भाषाही एव्हाना डळमळू लागली होती.

“दुसरा कोन? नाना. बोर गई का रेघ गई. रेघ गई का अंजन त्यान्हा. चारा सरी जास तवय अंजनना पालावर मन्ही गाय जगस, सर. मी त्याले गावमा चोर म्हनं. मंग तो बी चिडना. आते म्हनस, अंजन मन्हाच शे, तोडसू. सोमवारले लाकूडवाला येवाव शे. नि वरतीन हाई पांढरा दगड. मी समजनू, मोजनी करी लिधी गुपचूप.”

वार शनिवार होता.

आता इथे वाचकांना जे केव्हाच कळले आहे, ते मला अजून कळले नव्हते, हे प्रांजळपणे नमूद करतो. मला इतकेच दिसले की दोन माणसांत हद्दीचा वाद आहे आणि माझ्या पिशवीत त्या हद्दीचा दहा महिन्यांचा सचित्र पुरावा आहे. शिक्षकाला याहून मोठा सण नसतो. मी उभा राहिलो आणि पश्चिमेकडच्या पांढऱ्या टोपीला वर्गातल्या आवाजात हाक मारली, “नाना! इकडे या! आत्ताच्या आत्ता!”

नाना आले, पण बांधापाशी थांबले. अक्कांनी तोंड फिरवले.

“मी वहिनीना वावरमा येत नही. मी चोर शे ना!” नाना माझ्याकडे बघून म्हणाले.

“बांधावर बसा. बांध दोघांचा आहे.”

मी दहा प्रती अंजनाखाली ओळीने मांडल्या, वाऱ्याने उडू नयेत म्हणून प्रत्येकीवर एक खडा ठेवला, आणि डिसेंबरपासून सुरुवात केली. दोघेही चिडलेले होते, पण आपलेच शेत दहा वेळा बघायला मिळाल्यावर माणसाचा राग थोडा वेळ रजेवर जातो.

“हाई मन्हा बैल,” नाना.

“हाई काय, मुंगी शे का?” अक्कांनी एप्रिलवर बोट ठेवले.

“तुम्ही आहात त्या.”

“मी? इतलीशी?”

“डोंगराची उंची कळावी म्हणून माणूस लहान...”

“मंजे मी डोंगर मोजानी पट्टी,” अक्का म्हणाल्या. नाना हसले, मग अक्कांशी बोलायचे नाही हे आठवून त्यांनी हसू मिशीत ढकलले.

मी मुद्द्यावर आलो. “नीट पाहा. डिसेंबर. डाव्या कोपऱ्यात काय आहे?”

“बोर,” दोघे एकदम म्हणाले.

“जानेवारी?”

“बोर.”

“फेब्रुवारी?”

“नही.”

“म्हणजेच,” मी परीक्षकाच्या सुरात म्हणालो, “पंधरा जानेवारी ते पंधरा फेब्रुवारी या दरम्यान कोणीतरी...”

आणि मी थांबलो. बहुधा तोंड उघडेच राहिले असावे. पंधरा फेब्रुवारीच्या ओळीतला तेरावा रकाना माझ्या डोळ्यांपुढे आला, माझ्याच वळणदार अक्षरात.

“बोला ना सर,” नाना म्हणाले. “कोनी तोडी? मी आठ महिनापाईन हाईच इचारी ऱ्हायनू.”

तीस वर्षे मी हा प्रश्न वर्गाला विचारत आलो: खिडकी कोणी फोडली, खडू कोणी लपवले. वर्ग असाच गप्प बसे. तेव्हा मला त्यांचा राग येई. त्या सकाळी मला पहिल्यांदा कळले, की बाकावर बसलेल्याला ती शांतता कशी लागते.

क्षणभर मोह झाला. चित्रांत बोर दिसत होती, ती गेलेली दिसत होती. तोडणारा कुठेच दिसत नव्हता. कॅमेऱ्यामागचा माणूस चित्रात येत नाही, ही या व्यवसायाची मोठीच सोय आहे. मी गप्प बसलो असतो, तर सोमवारी अंजन पडला असता आणि माझे नाव कोणी घेतले नसते.

“मी,” मी म्हणालो.

दोघांना वाटले, मी चेष्टा करतो आहे. म्हणून मी वही काढली आणि उभ्यानेच वाचू लागलो.

“पंधरा फेब्रुवारी. शेरा: डाव्या कोपऱ्यातील अडथळा दूर केला. चौकट स्वच्छ.” पाने उलटली. “पंधरा जुलै. शेरा: अडथळा पुन्हा उगवला. दूर केला.” आणखी दोन ओळी. “पंधरा सप्टेंबर. शेरा: अडथळा चिवट आहे. पुन्हा दूर केला. दगडांना चुना.”

अंजनावर कुठेतरी होला घुमत होता. 

“तीन दाव?” अक्का म्हणाल्या.

“तीनदा.”

“कसाले पन?”

“चित्रात बरी दिसत नव्हती.”

हे वाक्य मी आयुष्यात बोललेल्या वाक्यांपैकी सर्वांत पोकळ असावे. घरी, कार्यालयात, ग्राहकांपुढे ते भरीव वाटे.

“नि चिवट मंजे काय?” अक्कांनी विचारले.

“हटून बसणारी. कितीही तोडली तरी परत येणारी.”

“मंग ती मन्हा सासरावर गयी व्हई,” त्या म्हणाल्या, आणि इतक्या मोठ्याने हसल्या की होला उडाला.

नाना हसले नाहीत. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “मी आठ महिना चोर व्हतू,” ते म्हणाले, मला नव्हे आणि अक्कांनाही नव्हे, टोपीला. “आखाजीले बठ्ठा गावमा मांडास्नं ताट फिरनं. मन्हा घर उनं नही. पहिलांदाच.”

आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, हा आमच्याकडचा मोठा सण. त्या दिवशी खापरावरच्या पुरणपोळ्या, म्हणजे मांडे, एकमेकांच्या घरी जातात. ताट न येणे म्हणजे काय, हे मी बाहेरच्या वाचकांना समजावून सांगू शकणार नाही.

“नाना, दगड माझे आहेत, हे तुम्हाला माहीत होते. तुम्ही अक्कांना सांगायचे तरी,” मी म्हणालो. अपराधी माणसाला दुसऱ्याची चूक दाखवण्याची फार घाई असते.

“इचारं का माले? इचारं व्हतं तं सांगतू.”

अक्कांनी क्षमा मागितली नाही. त्यांनी पातेले उतरवले. त्यांच्याकडे दोनच कप होते. एक त्यांनी बांधापलीकडे धरला. “नाना, चा ल्या. साखर कमी शे.”

नानांनी तो कप दोन्ही हातांनी घेतला. दुसऱ्यातून अक्का स्वतः प्यायल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “कप दोनच शेतस, सर. तुमी थांबा.”

मी उभा राहिलो. वर्गाबाहेर उभ्या केलेल्या मुलाने दुसरे काय करावे? चहा पिऊन झाल्यावर नानांनी फोन काढला. “सोमवारले येऊ नको... नही, झाड इकानं नही... मन्हं कोठे शे ते? वहिनीनं शे.” मग अक्कांनी कप विसळून मला चहा दिला. साखर खरोखरच कमी होती.

मी म्हणालो, “अक्का, मी उद्याच रोप आणून त्याच जागी बोर लावतो. कुंपण करतो. पाणी घालायला येतो.”

“नका,” अक्का म्हणाल्या. “तुमी काही करू नका. तुमी फक्त हात लावू नका. ती आपोआप परत ई.”

दगडांविषयीही निकाल झाला: चूल मोडायची नाही. मी नवे तीन दगड आणावेत आणि पुरण्याआधी दोन्ही शेतांत विचारावे. त्या दिवशीचे चित्र निघाले तेव्हा दहा वाजून गेले होते, सातपुडा सपाट झाला होता आणि अंजनाखाली धुराची रेघ होती. शेरा असा आहे: ‘वेळ चुकली. कबुलीत गेली.’ नोव्हेंबरात गेलो, तेव्हा डाव्या कोपऱ्यात वीतभर कोंब आला होता; तांबूस देठ, कोवळे काटे, तीन फांद्या. कोयता मी घरी ठेवून आलो होतो.

वसंतभाऊंनी बारा चित्रे टेबलावर पसरली. “सर, नोव्हेंबरला कोपऱ्यात काहीतरी काटेरी आलंय. कॉम्प्युटरवर काढून टाका.”

“राहू द्या.”

“आणि डिसेंबरला तर केवढी झालीय!”

तेव्हा माझ्या लक्षात आले, की डिसेंबरचे चित्र वर्षापूर्वीचे, बोर तोडण्याआधीचे. दिनदर्शिकेत मात्र ते नोव्हेंबरनंतर येणार. मी तो क्रम बदलू शकत नव्हतो आणि पुसणार तर काहीच नव्हतो. दिनदर्शिका तशीच छापली गेली. गिऱ्हाइकांनी ऋतुचक्राबद्दल चकार शब्द काढला नाही. पण शेतकऱ्याच्या नजरेतून झाड सुटत नाही. दुकानात येऊन ते विचारू लागले, “भाऊ, नोव्हेंबरमा वीतभर, डिसेंबरमा कंबरभर. कोन्तं खत मारं?” वसंतभाऊंनी प्रामाणिकपणे सत्य सांगितले, असे ते म्हणतात. मी त्याची शहानिशा केलेली नाही.

वहीत मी चौदावा रकाना आखला: ‘वावर कोणाचे’, म्हणजे शेत कोणाचे. तो भरण्यासाठी माणसे शोधावी लागतात, बोलावे लागते, चहा घ्यावा लागतो, आणि उजेड निघून जातो. माझ्या चित्रांची संख्या त्यामुळे घटली आहे. ठिपक्यांना मात्र आता नावे आहेत.

पुढच्या जूनमध्ये मी कामाशिवाय त्या गावी गेलो. अक्कांच्या घरात, चुलीच्या वरच्या भिंतीवर, आमची दिनदर्शिका टांगली होती. पान जानेवारीचे होते.

बारा महिने मी त्यांच्यासाठी पहाटे उठलो होतो. ओल्या पंचाचा मे होता, पाचव्या सकाळचा ऑगस्ट होता. शिक्षकाला राहवले नाही.

“अक्का, सहावा महिना चालू आहे. पान उलटायला हवे.”

“माहीत शे,” अक्का पीठ मळता मळता म्हणाल्या. “पन पुढना महिनामा तुमी बोर तोडी टाकतस.”